चढावर रुसणारी गार हवा

आमच्या गाडीचा एसी उतारावर अत्यंत सज्जन. सपाटीवरसुद्धा त्याच्याबद्दल कुणाला तक्रार करता यायची नाही. जाळीतून गार हवा थेट तोंडावर येते, आर्डिथचे केस भुरुभुरु उडतात, आणि चौदा वर्षांच्या जुनाट स्टेशन वॅगनमध्ये बसूनही आपण कुणीतरी आहोत असं वाटतं. पण चढ लागला आणि मी एक्सलरेटर दाबला, की याचं मन फिरलंच. डॅशबोर्डच्या आत कुठेतरी 'खट्' होतं, तोंडावरची हवा बंद होते आणि सगळीच्या सगळी वर, पुढच्या काचेवर जाते. काच गारठते आणि आम्ही शिजतो. चढ संपला की परत 'खट्', आणि हवा परत तोंडावर, काही झालंच नाही अशा थाटात. आता मिसूरी राज्याच्या ज्या कोपऱ्यात आम्ही राहतो, तिथे चढ नसलेली जागा म्हणजे बँकेमागचं पार्किंग. त्यालाही थोडा आहे म्हणतात.

मी हे चार वर्षं सोसलं. माझ्या बायकोने, म्हणजे आर्डिथने, माझ्यासकट सोसलं. सोसलं नाही ते तिच्या जेलीने.

आमच्या जिल्ह्याच्या जत्रेत डुकरं, भोपळे, गोधड्या आणि मुरंबे यांच्याबरोबर साच्यातल्या जेलीचीही स्पर्धा असते. आर्डिथची जेली सात थरांची. हिरव्या थरात किसलेलं गाजर, पांढऱ्यात पनीर, लालमध्ये चेरी, आणि पिवळ्यात काय ते ती मलाही सांगत नाही. तीन वर्षं तिचा दुसरा नंबर आला आणि तिन्ही वर्षं पहिला आला क्लॉडीन व्हॉस यांचा. या बाई आमच्या वसाहतीच्या समितीच्या अध्यक्षीण. गवत किती इंच वाढू द्यायचं, पत्रपेटीला कुठला रंग द्यायचा, हे त्या ठरवतात. गेल्या वर्षी आर्डिथची जेली सरस होती. हे मी नवरा म्हणून बोलत नाही, बाप्टिस्ट चर्चचा डीकन, म्हणजे पाळकांच्या हाताखालचा सेवक, म्हणून बोलतो. पण जत्रा चाळीस मैलांवर आणि वाटेत अकरा चढ. टेबलावर साचा उलटा केला तेव्हा जेली क्षणभर उभी राहिली, आणि मग सातही रंग एकमेकांत बसले. परीक्षकाने अगदी अदबीने विचारलं, "हे सूप आहे का?" अदबीने विचारलं म्हणून जास्त लागलं.

यंदा जुलैअखेर जत्रेच्या कमिटीचं पत्र आलं. पन्नाशीच्या आतलं कुणी जेली आणत नाही, सबब पुढच्या वर्षापासून ही स्पर्धा बंद. आर्डिथने पत्र फ्रिजवर चिकटवलं आणि दोन दिवस त्याच्याकडे बघत भांडी घासली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "वेंडल, मला एकदाच पहिलं यायचंय. एकदाच. ती हवा दुरुस्त होणार नसेल तर आत्ताच सांग, मी साचा माळ्यावर टाकते."

बत्तीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. हवा दुरुस्त होईल, असं मी सांगून टाकलं.

गावातल्या गॅरेजवाल्याने गाडीकडे न बघता निदान केलं. "व्हॅक्यूम गळतोय. अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल. सप्टेंबरात आणा." जत्रा चौदा ऑगस्टला. मी म्हटलं, ठीक आहे, आपणच शोधू. मी जिल्हा पाणीपुरवठा खात्यात सव्वीस वर्षं नोकरी केलेला माणूस. 'आपल्या हद्दीतील गळती शोधणे ही आपली जबाबदारी आहे' या पत्राखाली माझी सही घेऊन हजारो नागरिक आपापल्या अंगणात खणत बसले आहेत. मी स्वतः एकही गळती पाहिलेली नव्हती, पण तो तपशिलाचा भाग झाला.

शनिवारी सकाळी घरासमोर गाडी लावून मी बॉनेट उघडलं. आता आमच्याकडे एक रीत आहे. कुणाचं बॉनेट उघडं दिसलं की जाणाऱ्या पुरुषाने थांबायचं, दोन्ही हात मागच्या खिशात घालायचे, आत वाकून बघायचं आणि "हं" म्हणायचं. हात लावायचा नाही. दहा वाजेपर्यंत पाच जण "हं" म्हणून गेले. सहावा ऑर्व्हल स्टम्फ. हा आमचा शेजारी. जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केले, आता गोल्डफिश पाळतो. हा येताना घडीची खुर्ची घेऊनच आला, म्हणजे मुक्काम लांबणार हे उघड होतं.

"सोपं आहे रे," खुर्ची मांडत तो म्हणाला. "इंजिन हवा ओढतं. त्या ओढीवर बारीक बारीक नळ्यांतून आतल्या झडपा हलतात. ओढ आहे तोवर झडप हवा तोंडावर सोडते. ओढ कमी पडली की झडप सुटते आणि हवा काचेवर. चढावर इंजिनची ओढ आधीच कमी, त्यात तुझी नळी कुठेतरी फुटलेली."

"मग भोक शोधायचं."

"भोकच शोधायचं. नळ्या फक्त तीस फूट आहेत."

मी जरा विचारात पडलो. आमच्या खात्यात गळती म्हणजे आतलं बाहेर येतं. जमीन ओली होते, लोक फोन करतात, शिव्या देतात, सगळं रीतसर. इथे आत काहीच नाही आणि तेच गळतंय. जे मुळात नाही ते हरवलंय, आणि ते शोधायला मी बागेच्या पाइपचा तुकडा कानाला लावून इंजिनभर फिरतोय. अर्ध्या तासाने मला बारीक 'स्स्स' ऐकू आलं. मी ऑर्व्हलला खूण केली, श्वास रोखला, आवाजाच्या मागे मागे गेलो, आणि पाइपचं दुसरं टोक ऑर्व्हलच्या नाकाशी पोचलं. तो झोपला होता.

तेवढ्यात क्लॉडीनबाई आल्या. हातात क्लिपबोर्ड, त्यावर नोटीस.

"मिस्टर प्रुइट, नियम चौदा. रस्त्यावरून दिसेल अशा जागी वाहनदुरुस्ती करता येणार नाही. ती गॅरेजमध्ये, दार बंद करून करायची."

"बाई, पण गॅरेजमध्ये..."

"गॅरेज गाडीसाठीच असतं, मिस्टर प्रुइट."

आता हे बोलायला ठीक आहे. आमच्या अख्ख्या रस्त्यावर एकाही गॅरेजमध्ये गाडी मावत नाही. गॅरेजमध्ये अडगळ असते आणि गाडी उन्हात असते, ही आमची पद्धत. त्यात बाई जेलीच्या स्पर्धेतल्या. आर्डिथ खिडकीतून म्हणाली, "मुद्दाम करते ती." मी म्हटलं, अगं नाही, नियमच आहे तो. डीकनला असं बोलावं लागतं. मनातून मीही तेच म्हणत होतो.

पुढचा शनिवार गॅरेज रिकामं करण्यात गेला. तीन कृत्रिम ख्रिसमस झाडं, व्यायामाची सायकल, आर्डिथच्या आईचा पियानो, रंगाचे सतरा डबे हे सगळं मी हिरवळीवर मांडलं आणि दमून पाणी प्यायला आत गेलो. बाहेर येतो तर सात गाड्या थांबलेल्या. हिरवळीवर सामान दिसलं की ते विकायलाच काढलंय असं आमच्याकडे समजतात, आणि एकदा समजले की ऐकत नाहीत. एक आजीबाई माझ्या सायकलवर बसून पायडल मारून बघत होत्या. मी ओरडून सांगितलं, हे विकायचं नाही. "मग बाहेर का मांडलंय?" त्यांनी विचारलं. मी नियम चौदा समजावून सांगेपर्यंत दोन ख्रिसमस झाडं गेलीसुद्धा.

गर्दी ओसरली तेव्हा ऑर्व्हल खुशीत होता. "वेंडल, मी तुझी हत्यारांची पेटी काढली. गंजकीच होती, पण गिऱ्हाईक चांगलं मिळालं."

"ऑर्व्हल, आपल्याला गाडी दुरुस्त करायची आहे."

त्याने खुर्चीत बसून यावर बराच विचार केला. "हो की," तो म्हणाला.

आणि पत्रपेटीत क्लॉडीनबाईंची दुसरी नोटीस: विनापरवाना विक्री, नियम एकवीस.

जत्रेला दोन दिवस उरले. गाडी आता गॅरेजमध्ये होती आणि आमच्याकडे हत्यार म्हणून आर्डिथची लोणी लावायची सुरी. मी दार ओढून घेतलं आणि किल्ली फिरवणार, तेवढ्यात ऑर्व्हलने हात धरला. "दार बंद करून इंजिन चालू केलंस तर गळती नाही सापडणार. तू सापडशील, परवा."

"मग?"

त्याने खिशातून एक लांबलचक सिगार काढली. "नळी इंजिनापासून सोडवायची आणि तोंडाने आत धूर फुंकायचा. जिथून धूर निघेल तिथे भोक. माझ्या वडिलांची पद्धत."

"मग फुंक की."

"मला डॉक्टरांनी बंदी केलीय. मी डॅशबोर्डखाली झोपून बघतो. फुंकायचं तुला."

मी आयुष्यात तंबाखूला शिवलेलो नाही. चर्चच्या मुलांपुढे मी दरवर्षी त्यावर भाषण देतो, तक्ते लावून. पण फ्रिजवरचं ते पत्र डोळ्यांपुढे आलं. मी सिगार पेटवली, एक झुरका घेतला, नळी तोंडात धरली आणि फुंकलं. निम्मा धूर नळीत गेला. उरलेला कुठे गेला ते मला नीट सांगता येणार नाही, पण डोळ्यांतून पाणी, नाकातून धूर आणि घशातून असा आवाज निघाला की ऑर्व्हलने आतून विचारलं, "इंजिन चालू केलंस काय?" दुसऱ्या झुरक्याला जरा जमलं. पाचव्याला तर मला थोडंफार आवडलं, आणि त्याची लाज वाटली म्हणून मी सहावा जोरात घेतला. तोवर गॅरेज धुराने भरलं होतं, आणि दाराच्या फटीतून तो रस्त्यावर निघाला होता याची आम्हाला कल्पना नव्हती.

सायरन ऐकू आला तेव्हा मी म्हटलं, कुणाच्या तरी घरी आग लागली बिचाऱ्याच्या.

दार धाडकन वर गेलं. बाहेर लाल बंब, सहा जण शिरस्त्राणं घालून, मागे नोटीस क्रमांक तीन घेऊन क्लॉडीनबाई, ज्यांनी फोन केला होता. आमच्या गावात अग्निशमन दल स्वयंसेवकांचं आहे आणि त्याचे प्रमुख आहेत आमचे पाळक, रेव्हरंड ल्यूथर बीम. पाळकसाहेब हातात कुऱ्हाड घेऊन धुरातून पुढे आले आणि थांबले. मी बॉनेटखाली वाकलेलो, एका हातात सिगार, तोंडात नळी.

"ब्रदर वेंडल," ते म्हणाले.

मी नळी काढली. "पाळकसाहेब, मी गळती शोधतोय."

माझी सव्वीस वर्षांची नोकरी, अकरा वर्षांची डीकनकी आणि ते तक्ते असं सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. धरणीने पोटात घ्यावं म्हणतात, पण खाली काँक्रीट होतं. आणि तेवढ्यात डॅशबोर्डखालून ऑर्व्हल ओरडला, "थांबलास का? दिसत होतं मला. बारीक रेघ दिसत होती. ओढ, ओढ."

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, गाडीतून बाहेर आलेल्या ऑर्व्हलच्या पायांकडे पाहिलं. त्यांची स्वतःची गाडीही चौदा वर्षांची आहे. त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली.

"ओढा, ब्रदर," ते म्हणाले.

पाळकांच्या आज्ञेवरून, अग्निशमन दल आणि समितीच्या अध्यक्षीणबाईंच्या साक्षीने मी सिगार ओढली. सगळे गाडीत वाकले, सगळ्यांचे हात मागच्या खिशात. डॅशबोर्डमधल्या सामानाच्या कप्प्यामागे, जिथे एका नळीच्या दोन होतात, तिथून दोऱ्यासारखा धूर वर आला. लोण्याच्या सुरीने कप्पा उघडला. उंदराने कुरतडलेलं, तिळाएवढं भोक. चार वर्षं आम्हाला शिजवलं ते त्याने. ऑर्व्हलने घरी जाऊन गोल्डफिशच्या टाकीची हवेची नळी वीतभर कापून आणली आणि ती घट्ट बसली. पाळकसाहेबांनी गाडी चर्चच्या चढावर नेऊन आणली आणि खाली उतरून म्हणाले, "परमेश्वराची स्तुती असो, खट् झालं नाही." क्लॉडीनबाईंनी नोटीस माझ्या हातात दिली आणि गेल्या.

चौदा तारखेला आर्डिथने जेलीचा साचा मांडीवर घेतला आणि आम्ही निघालो. पहिल्या चढाला आम्ही दोघांनी श्वास धरला. हवा तोंडावरच राहिली. दुसरा चढ, तिसरा, आणि पाचव्याला आर्डिथ गाणं गुणगुणायला लागली. अकराव्या चढाच्या माथ्यावर मला इतका आनंद झाला की मी उगाचच मागे जाऊन तो चढ परत एकदा चढलो, आणि आर्डिथने मला अडवलं नाही.

जत्रेच्या मांडवात तिने साचा उलटा केला. सातही थर ताठ उभे. शेजारी क्लॉडीनबाईंची जेली, गुलाबी, कमळाच्या आकाराची. बाकी टेबल रिकामं. परीक्षकबाईंनी चष्मा पुसला आणि सांगितलं, "दोनच आल्यात? तीन नसतील तर स्पर्धा धरता येत नाही. सॉरी हं. फार सुंदर आहेत दोन्ही."

आर्डिथने साच्याच्या कडा रुमालाने पुसायला घेतल्या, पुन्हा पुन्हा. मला परीक्षकबाईंशी भांडावंसं वाटलं, पण नियम तर होता. स्पर्धा रद्द म्हणजे क्लॉडीनबाई कायमच्या शेवटच्या विजेत्या. त्यांना नुसतं गप्प बसायचं होतं.

त्यांनी पर्समधून जत्रेचं नियमपुस्तक काढलं. "कलम नऊ. दुपारी बारापर्यंत नवीन प्रवेश घेता येतो," त्या म्हणाल्या. "आत्ता दहा वाजलेत. मिस्टर प्रुइट, तुम्ही जेली करा."

"मी?"

"स्वतःच्या हाताने. दुसऱ्या कुणाचा हात लागला तर बाद."

आर्डिथच्या पिशवीत जेलीचं एक जादा पाकीट असतंच. चहाकॉफीच्या ठेल्यावरून उकळतं पाणी आणलं, थर्मासच्या झाकणात जेली कालवली, सरबतवाल्याकडून मूठभर बर्फ मागून घातला. आत काहीतरी घालायलाच हवं म्हणून जत्रेत मिळालं ते घातलं: भाजलेल्या मक्याचे दाणे, शेंगदाणे आणि लोणच्यातली काकडी. आता ती गोठवायची कुठे? अख्ख्या मैदानात गार जागा एकच होती, आणि ती मी स्वतः दुरुस्त केलेली.

गाडी पार्किंगमध्ये चालू ठेवून मी सव्वा-दीड तास ते झाकण जाळीसमोर दोन्ही हातांनी धरून बसलो. मागच्या सीटवर त्या दोघी, हाताची घडी घालून. तीन वर्षांत एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

"तिरकं धरलंय त्याने," क्लॉडीनबाई म्हणाल्या.

"तो सगळंच तिरकं धरतो," आर्डिथ म्हणाली.

"काकडी कशाला घातली?"

"मी विचारणार होते. पण म्हटलं हात लावायचा नाही."

"बोलायला बंदी नाही. कलम नऊमध्ये फक्त हात आहे."

मग त्या जे बोलत सुटल्या ते पावणेबारापर्यंत. माझ्या खांद्यांना कळ लागली होती, पण माझ्याविषयी बोलणं चाललं होतं म्हणून मध्ये पडलो नाही.

निकाल लागला. तिसरा: वेंडल प्रुइट. शेरा होता, 'धाडसी'. दुसरा: क्लॉडीन व्हॉस. पहिला: आर्डिथ प्रुइट.

आता सांगतो. बाईंना हरवल्यावर काय बोलायचं ते वाक्य आर्डिथने तीन वर्षांपासून तयार ठेवलं होतं. भांडी घासताना ती ते म्हणायची, मला पाठ झालंय. फार टोचरं वाक्य आहे. मी वाट बघत उभा राहिलो. तिने निळी फीत हातात घेतली, बाईंकडे वळली, तोंड उघडलं, आणि रडू फुटलं तिला. भर मांडवात. क्लॉडीनबाईंनी पर्समधून रुमाल काढून दिला.

"तुम्ही गप्प बसला असता तर..." आर्डिथ म्हणाली.

"नियम आहे तो," क्लॉडीनबाई म्हणाल्या. "वाचला की सांगावा लागतो. मला फार राग आलाय, आर्डिथ. उद्या येईन तेव्हा तो पिवळ्या थराचा प्रकार मला सांग."

आर्डिथने तिथेच, माझ्यादेखत, वाकून त्यांच्या कानात सांगितला. मला अजून माहीत नाही.